पिक काउंटर कार्डाची एककं: स्मॉल एम, कॅपिटल एम आणि बाकीची भानगड

२ डिसेंबर २०२४

आजपासून ही वही. काम असं: यंत्रमागावर बसणाऱ्या आपल्या पिक काउंटर कार्डाच्या (पिक म्हणजे विणताना पडणारा एक आडवा धागा, कार्ड तेच मोजतं) सगळ्या आकृत्या, सुट्या भागांच्या याद्या, खणांवरच्या चिठ्ठ्या आणि पुरवठादारांना जाणाऱ्या ऑर्डरी यांतली एककं एकसारखी करायची. सर्किटला हात लावायचा नाही. नवं काही जोडायचं नाही. फक्त जे आहे ते नीट लिहायचं.

नोंदी देवनागरीत ठेवतोय. आपल्या लिपीत स्मॉल-कॅपिटल नाही, म्हणून जिथं फरक महत्त्वाचा आहे तिथं अक्षराचं नावच लिहीन. वाचताना अडखळायला होईल, पण संदिग्ध राहणार नाही.

निमित्त असं घडलं. अक्कलकोट रोड एमआयडीसीत एका टॉवेल कारखान्यात चाचणीला कार्ड लावलं. माग दणादण चालू आणि काउंटर शून्यावर. जॉबर (मागांची देखभाल करणारा) म्हणाला, "ओ साहेब, माग झोपलाय का तुमचं कार्ड?" कार्ड परत आणून बघितलं, तर सेन्सरच्या इनपुटला १०० मायक्रोफॅरडचा इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर (वीज साठवणारा भाग, त्याचं एकक फॅरड). तिथं ०.१ मायक्रोफॅरडचा सिरॅमिक हवा.

हे कार्ड आमच्याकडे नव्यानं आलेल्या डिप्लोमाच्या मुलीनं सोल्डर केलं होतं. तिला विचारलं, तर तिनं आकृती पुढं ठेवली. आकृतीत स्वच्छ लिहिलंय: ०.१, मग स्मॉल एम, मग कॅपिटल एफ. तिनं कॉलेजात शिकल्याप्रमाणं वाचलं, ०.१ मिलीफॅरड म्हणजे १०० मायक्रोफॅरड. हिशेब बिनचूक. आकृती आमच्या दुकानातल्या बुजुर्ग अण्णांनी बऱ्याच वर्षांपूर्वी काढलेली. त्यांच्या पिढीत 'एमएफ' म्हणजे मायक्रोच, आणि इतके दिवस कार्ड भरणाऱ्यांनाही ते ठाऊक होतं. म्हणजे कागद चुकीचा आणि कार्डं बरोबर, असा कारभार चालला होता. ज्या दिवशी कुणी कागद बरोबर वाचला, त्या दिवशी कार्ड चुकलं.

परिणामाचा हिशेब इथं लिहून ठेवतो, कारण पुढच्या वादात लागणार आहे. इनपुटला १० किलोओहमचा रेझिस्टन्स आणि १०० नॅनोफॅरड: गुणाकार १ मिलीसेकंद. सेन्सरच्या सिग्नलवरचा खडखडाट गाळायला एवढं पुरतं. माग मिनिटाला १५० पिकनं चालला तर एका पिकला ४०० मिलीसेकंद मिळतात, म्हणजे गाळणीमुळं काही बिघडत नाही. त्याच जागी १०० मायक्रोफॅरड बसवला की गुणाकार थेट १ सेकंद. पिक येऊन गेलेला कार्डाला कळतच नाही.

४ डिसेंबर

सगळे कागद टेबलावर काढले. जुन्या आकृत्या, त्यांच्या झेरॉक्स, झेरॉक्सच्या झेरॉक्स, आणि संगणकातल्या फायली. एका मायक्रोफॅरडची किती रूपं! एमएफ, एमएफडी, सगळी कॅपिटल एमएफडी, यूएफ, म्यूएफ, आणि एका ठिकाणी नुसताच 'एम'. एकाच पानावर शेजारीशेजारी दोन पद्धती आहेत.

अण्णांचा बचाव भक्कम आहे. "अरे, छताच्या पंख्याचा कंडेन्सर बघ. अडीच एमएफडी लिहिलेलं असतं की नाही? अख्खा बाजार लिहितो." खरं आहे. आमच्या दुकानातल्या पंख्याचाच बघितला: २.५, पुढं सगळी कॅपिटल अक्षरं. अक्षरश: वाचायचं तर अडीच मेगाफॅरड. तेवढा कपॅसिटर कुणी बनवलेला नाही, म्हणून कुणाचा गैरसमज होत नाही.

ही सवय रेडिओच्या काळातली आहे. टाइपरायटरवर ग्रीक म्यू नव्हता, म्हणून मायक्रोसाठी एम वापरला गेला. पिकोफॅरडला तेव्हा मायक्रो-मायक्रोफॅरड म्हणत आणि 'एमएमएफडी' लिहीत. जुन्या व्हॉल्व्ह रेडिओच्या आकृतीत १०० एमएमएफडी दिसला तर तो १०० पिकोफॅरड समजायचा. १९६० मध्ये वजन-मापांच्या आंतरराष्ट्रीय परिषदेनं एसआय पद्धत ठरवली, त्यात नॅनो आणि पिको अधिकृत झाले. एकावर एक उपसर्ग चढवायलाही एसआयमध्ये बंदी आहे. तरी अमेरिकी आकृत्यांनी नॅनोकडं फार काळ पाठच फिरवली. तिथं ४७ नॅनोफॅरडऐवजी ०.०४७ मायक्रोफॅरड नाहीतर ४७,००० पिकोफॅरडच दिसायचा. आपल्याकडची पुस्तकं आणि किटं त्याच वळणाची, म्हणून अण्णा आजही नॅनो ऐकलं की आधी मनात मायक्रो करून घेतात.

अण्णांचा दुसरा मुद्दा: "मिलीफॅरड बाजारात मिळतो का कुठं? मग एमएफ म्हणजे दुसरं काय असणार?" याला उत्तर आज दिलं नाही. ते पुढं मीटरनंच दिलं, खाली आहे.

७ डिसेंबर

दुरुस्तीला आलेल्या पॉवर सप्लायमधले कपॅसिटर तपासायला दुकानातल्या पोराला बसवलं होतं. काल संध्याकाळी बघतो तर भंगाराच्या डब्यात १००० मायक्रोफॅरडचे चांगले टवटवीत कपॅसिटर. "काय बे, एवढे सगळे उडाले?" तर म्हणे, "सगळे गेलेत सर, एकसुद्धा एक मायक्रोच्या वर जाईना."

मीटर घेऊन मी स्वत: एक मोजला. पडद्यावर ०.९२, पुढं स्मॉल एम आणि कॅपिटल एफ. मीटर बिचारा खरं सांगत होता: ०.९२ मिलीफॅरड म्हणजे ९२० मायक्रोफॅरड. इलेक्ट्रोलिटिकला वीस टक्के इकडंतिकडं चालतं, म्हणजे ८०० ते १२०० मध्ये कुठंही असला तरी माल ठणठणीत. पोरानं मात्र अण्णांच्या आकृत्यांवरून शिकून 'एमएफ' मायक्रो म्हणून वाचलं.

डिप्लोमावाल्या मुलीनं एसआयप्रमाणं वाचलं, तर अण्णांचा कागद आडवा आला. पोरानं अण्णांप्रमाणं वाचलं, तर मीटर आडवा आला. दोघांचीही वाचायची पद्धत आपापल्या जागी सरळ आहे. डबा अण्णांसमोर रिकामा केला. त्यांनी एकेक कपॅसिटर मोजला, काही बोलले नाहीत, आणि आपल्या आकृत्यांचा गठ्ठा माझ्याकडं सरकवला. आता कामाला त्यांची मंजुरी आहे असं समजतो.

११ डिसेंबर

नियमांचा कागद तयार केला. भिंतीवर लावायचा आहे म्हणून एका पानात बसवला. गाभा एवढाच: किलोपर्यंतचे सगळे उपसर्ग स्मॉल, मेगापासून पुढचे सगळे कॅपिटल. पिको, नॅनो, मिली, किलो स्मॉल; मेगा, गिगा, टेरा कॅपिटल. मायक्रो तेवढा ग्रीक. माणसाच्या नावावरून आलेल्या एककाचं चिन्ह कॅपिटलनं सुरू होतं: व्होल्ट, अँपियर, वॅट, फॅरड, हेन्री. हर्ट्झमध्ये एच कॅपिटल, झेड स्मॉल. ओहमचा ओमेगा. सेकंदाचा एस स्मॉल, कारण कॅपिटल एस सीमेन्सचा, म्हणजे वाहकतेचा. आकडा आणि एकक यांच्यात मोकळी जागा. चिन्हाला अनेकवचन नाही, त्यामागं टिंब नाही.

भिंतीसाठी एखादं उदाहरण हवं होतं. पोरं म्हणाली, काहीतरी सोलापूरचं टाका. फताटेवाडीच्या एनटीपीसी वीजकेंद्राचे दोन संच प्रत्येकी ६६० मेगावॅटचे आहेत. त्यातला एम स्मॉल केला की ६६० मिलीवॅट, एक बारीकसा एलईडी पेटेल एवढी वीज. फरक शंभर कोटी पट. आणि रायचूर-सोलापूर लाइन, जिच्यामुळं ३१ डिसेंबर २०१३ ला दक्षिणेचं वीजजाळं देशाच्या बाकी जाळ्याशी एका तालात जोडलं गेलं, ती ७६५ केव्हीची (किलोव्होल्टची): के स्मॉल, व्ही कॅपिटल. हा के कॅपिटल लिहिण्याची सवय सगळ्यात घट्ट आहे. सोलापुरातल्या कुठल्याही ट्रान्सफॉर्मरची पाटी वाचा, विजेचं बिल वाचा. के कॅपिटल झाल्यानं सहसा काही जळत नाही, म्हणून त्यावर मी भांडणार नाही. पण आमच्या कागदावर तो स्मॉलच राहील, कारण कॅपिटल के केल्विनचा, आणि कपॅसिटरवर तर त्याचा आणखी एक अर्थ आहे. त्याबद्दल पुढं.

१४ डिसेंबर

आजचा दिवस फॉन्टनं खाल्ला, पण मजाही आली.

जुनी फाइल नव्या संगणकावर उघडली तर यादीत '१० किलोवॅट'चे रेझिस्टन्स. सगळीकडं. आणि मायक्रो होता तिथं सरळ स्मॉल एम. आधी वाटलं कुणीतरी खेळ केला. मग लक्षात आलं: फाइल केली तेव्हा ओमेगा आणि म्यू काढायला 'सिम्बॉल' नावाचा फॉन्ट वापरला होता. त्या फॉन्टमध्ये डब्ल्यूची कळ दाबली की ओमेगा दिसतो आणि स्मॉल एमची दाबली की म्यू. फाइलच्या पोटात मात्र डब्ल्यू आणि एमच असतात. फॉन्टची खूण गळाली की खालची अक्षरं उघडी पडतात: ओहमचा वॅट होतो आणि मायक्रोचा मिली.

लग्नपत्रिकेची श्रीलिपीतली फाइल दुसऱ्या संगणकावर उघडल्यावर वराच्या नावाचं जे होतं, तेच हे. फरक एवढाच की पत्रिकेचा कचरा लगेच कळतो. इथला कचरा खऱ्या एककासारखा दिसतो. दहा किलोवॅटचा पाव वॅटी रेझिस्टन्स बघून हसू येतं, ठीक आहे. पण '१०० मिलीफॅरड' बघून कुणाला हसू येईल?

त्यावर आणखी एक गाठ सापडली. युनिकोडमध्ये म्यू दोन आहेत: एक मायक्रोचं चिन्ह म्हणून, एक ग्रीक अक्षर म्हणून. ओमेगाही दोन: एक ओहमचं चिन्ह, एक ग्रीक अक्षर. दिसायला जवळजवळ सारखे, संगणकाला वेगळे. त्यामुळं यादी जुळवताना १० मायक्रोफॅरडचा एकच कपॅसिटर दोन ओळींत आला होता, अर्धा साठा इकडं, अर्धा तिकडं. स्टोअरचे काका म्हणत होते की मोजणी जमत नाही, ते उगाच नव्हतं.

ठरवलं: माणसानं वाचायच्या छापील आकृतीत म्यू आणि ओमेगा, दोन्ही ग्रीक अक्षरं. यादी, फाइलचं नाव, ऑर्डर, जिथं शोधायचं-जुळवायचं असतं तिथं म्यूऐवजी स्मॉल यू. एसआयच्या काटेकोर नियमात हे बसत नाही. पण यू दुसऱ्या कुठल्या उपसर्गाचं अक्षर नाही आणि तो प्रत्येक कीबोर्डवर आहे.

१९ डिसेंबर

सुट्या भागांवर जे छापलेलं असतं ते आणि आपली यादी, यांची सांगड.

सिरॅमिक कपॅसिटरवर १०४ म्हणजे १० वर चार शून्यं, पिकोफॅरडमध्ये. १,००,००० पिको, म्हणजे १०० नॅनो. हे सगळ्यांना पाठ आहे. दुकानातही 'एकशेचार द्या' म्हणूनच मागतात. गोची त्यामागच्या अक्षराची. १०४ के मधला के किलो नाही, मूल्य दहा टक्के इकडंतिकडं चालेल अशी सूट दाखवतो. जे असेल तर पाच टक्के, एम असेल तर वीस. पोरानं १०४ एम वाचून विचारलं, "यात मेगा कुठून आला?" प्रश्न रास्त आहे. एम अक्षर आमच्या एकाच कार्डावर किती ठिकाणी राबतंय बघा: मिली, मेगा, जुन्या आकृतीतला मायक्रो, कपॅसिटरवरची वीस टक्क्यांची सूट, आणि सेन्सरवरचं एम १२, जे आट्याचं माप आहे, १२ मिलिमीटर मेट्रिक.

रेझिस्टन्ससाठी ४के७ पद्धत सक्तीची केली. आयईसी (विजेच्या मानकांची आंतरराष्ट्रीय संस्था) हिच्या ६००६२ या मानकातली आहे: दशांश टिंबाच्या जागी उपसर्गाचं अक्षर, उपसर्ग नसेल तर आर. ४.७ किलोचा ४के७, ४.७ ओहमचा ४आर७, २.२ मेगाचा २एम२. कारण सैद्धांतिक नाही. आमच्याकडं आकृतीची झेरॉक्स मागावर जाते, तिथं तिच्यावर कापसाची लव, तेल आणि बोटं. टिंब पहिल्याच आठवड्यात जातं. ४.७ के चा ४७ के झालेला आहे, आणि नसलेलं टिंब माशीनं टाकलेलंही आहे.

२३ डिसेंबर

पुण्याहून पार्सल आलं आणि या सगळ्या खटाटोपातला सगळ्यात महागडा धडा त्यात निघाला.

नव्या कार्डात २४ व्होल्टच्या सप्लायवर करंट मोजायला १० मिलीओहमचा शंट (वाटेत बसवलेला अगदी कमी ओहमचा रेझिस्टन्स) आहे. २ अँपियर वाहिले की त्यावर २० मिलीव्होल्ट मिळतात, आणि वाया जातात ४० मिलीवॅट. छान भाग आहे. मुलीनं यादीत स्मॉल एम टाकून अगदी शुद्ध लिहिला होता. यादी हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये गेली. ते सॉफ्टवेअर वस्तूचं नाव आपोआप कॅपिटल करतं. तिथून ऑर्डर छापली गेली: १०, कॅपिटल एम, ओहम, २५१२ आकार.

अण्णांनी भिंगाखाली बघितलं. "यावर १००५ लिहिलंय रे." १०० आणि पुढं पाच शून्यं. एक कोटी ओहम. पुरवठादारानं मागितलं तेच दिलं, त्याला काय बोलणार? हा शंट म्हणून बसवला असता तर कार्डाला वीजच पोचली नसती. सुदैवानं अण्णांची सवय चांगली आहे, नवी रीळ आली की पहिला नग भिंगाखाली. खऱ्या दहा मिलीओहमच्या शंटवर आर०१० असं छापलेलं असतं.

रात्री यावर बराच वेळ बसलो. माणसांना कितीही शिकवलं तरी वाटेत कॅपिटल करणारं एखादं यंत्र येणारच: हिशेबाचं सॉफ्टवेअर, कुरिअरचा फॉर्म, पीसीबीवरची (सर्किटच्या पाटीवरची) अक्षरं, जी बऱ्याचदा सगळी कॅपिटलच छापतात. मग कोणती चिन्हं कॅपिटल झाली तरी टिकतात ते बघितलं. पी, एन, यू, के, जी: सगळी टिकतात, कारण आमच्या कामात उपसर्ग म्हणून त्यांना दुसरा अर्थ नाही. मार खातो एकटा एम. म्हणून नवा नियम, जो कुठल्या पुस्तकातून घेतलेला नाही: यादीत आणि ऑर्डरीत मिली लिहायचाच नाही. १० मिलीओहमचा आर०१०. २० मिलीअँपियरचे ०.०२ अँपियर. मिलीहेन्रीचे मायक्रोहेन्री करायचे, २.२ मिलीहेन्री म्हणजे २२०० यूएच. एम उरला तर तो मेगाच.

आकृतीत मात्र मिली खुशाल राहू दे. तिथं अक्षराचा आकार आपल्या हातात आहे.

चुकीची रीळ परत जाणार नाही, कापलेली आहे. हाय व्होल्टेज मोजायच्या कामात कधीतरी लागेल म्हणून 'एक कोटी' अशी चिठ्ठी लावून काकांनी ठेवून दिली.

३० डिसेंबर

सगळ्या याद्या नव्या पद्धतीत आल्या. दुहेरी ओळी गेल्या, काकांची मोजणी जमली. बाकी विशेष नाही.

६ जानेवारी २०२५

मुलगी एलटीस्पाइसवर (सर्किट संगणकावरच चालवून बघायचा स्पाइस प्रोग्रॅम) सर्किट तपासत होती. इनपुटवर १ मेगाओहमचा पुलडाउन (इनपुट जमिनीला जोडणारा रेझिस्टन्स) आहे, तिनं भिंतीवरच्या कागदाप्रमाणं १ आणि कॅपिटल एम लिहिलं. सिग्नल शून्यावर चिकटला. तासाभरानं मला हाक मारली, आणि जरा रागानंच, "सर, आता तर कॅपिटल लिहिलंय!"

स्पाइसला स्मॉल-कॅपिटल कळत नाही. १९७३ च्या सुमारास बर्कलेला हा प्रोग्रॅम फोरट्रानमध्ये लिहिला गेला, तेव्हा पंचकार्डावर कॅपिटल अक्षरंच असत. त्यामुळं स्पाइसमध्ये एम कसाही लिहा, तो मिलीच. मेगासाठी 'मेग' अशी तीन अक्षरं लिहावी लागतात. तिचा पुलडाउन एक मिलीओहमचा झाला होता, म्हणजे इनपुट तारेनं जमिनीला बांधल्यासारखं.

याच्याही वरची गंमत सुपरकपॅसिटरमध्ये. लाइट गेली की पिकचा आकडा जपून ठेवायला कार्डावर १ फॅरड, ५.५ व्होल्टचा बटणासारखा सुपरकपॅसिटर आहे. (अण्णा, बाजारात ०.१ फॅरडचेही मिळतात, म्हणजे शंभर मिलीफॅरड. मिलीफॅरड कुठं मिळतो, याचं हे दुसरं उत्तर.) स्पाइसमध्ये '१एफ' लिहिलं की तो एफ फॅरड न समजता फेम्टो समजतो: दहाचा उणे पंधरावा घात. एक फॅरडचा साठा एक फेम्टोफॅरड. तिथं नुसता १ लिहायचा, एकक लिहायचंच नाही.

मुलगी म्हणाली, "मग नियम कुठला खरा?" भिंतीवरच्या कागदाखाली दुसरा छोटा कागद लावला: स्पाइसमध्ये मेगा म्हणजे मेग, फॅरड लिहू नये. जगातला प्रत्येक प्रोग्रॅम एसआय पाळेल अशी आशा मी धरत नाही. कुठं पाळत नाही ते लिहून ठेवलं की काम भागतं.

१७ जानेवारी

गड्ड्यामुळं (सिद्धेश्वराच्या जत्रेमुळं) मधले दिवस काम थंड. नंदीध्वज निघाले की पोरांना दुकानात बसवणं शक्य नाही, आणि मलाही बसवत नाही.

होम मैदानावरच्या स्टॉलवर एलईडी दिव्यांच्या खोक्यांवर ६५०० आणि कॅपिटल के. पोरगं लगेच म्हणालं, "सर, चुकलंय." नाही, बरोबर आहे. तो केल्विन, प्रकाशाच्या रंगाचं तापमान. अंशाचं चिन्हही त्याला लागत नाही. त्याच स्टॉलवरच्या पॉवर बँकवर एमएएच (मिलीअँपियर-तास) सगळं कॅपिटल होतं, ते चुकलंय. पोरानं विक्रेत्याला सांगितलं नाही हे बरं केलं.

आज मेमरीचा हिशेब केला. कार्डावरच्या एटीमेगा ३२८पी मध्ये ३२ केबी फ्लॅश, २ केबी रॅम, १ केबी ईईप्रॉम. इथला के १०२४ चा. आयईसीनं १९९८ मध्ये यासाठी किबी, मेबी असे वेगळे उपसर्ग ठरवले, पण डेटाशीट अजून केबीच म्हणतात. पाळीच्या नोंदीला १६ बाइट लागतात, म्हणून १०२४ मध्ये ६४ नोंदी. दस्तऐवजात आता केबी न लिहिता सरळ १०२४ बाइट लिहिलंय. बिट आणि बाइट यांच्या स्मॉल बी, कॅपिटल बीचा घोळही त्यामुळं आपोआप टळला.

२२ जानेवारी

खणांच्या चिठ्ठ्या बदलल्या. प्रत्येक चिठ्ठीवर दोन ओळी: वर यादीतलं नाव, खाली भागावर छापलेला आकडा. १००एन, खाली १०४. ४के७, खाली ४७२. ४७२ कपॅसिटरवर असेल तर ४.७ नॅनोफॅरड आणि बारक्या चपट्या रेझिस्टन्सवर असेल तर ४.७ किलोओहम, म्हणून कपॅसिटरच्या चिठ्ठ्या पिवळ्या केल्या.

पोरांनी विचारलं, काउंटरवर गिऱ्हाईक 'अडीच एमएफडी' मागतं, त्याला काय सांगायचं? काही सांगायचं नाही, अडीच मायक्रोफॅरड द्यायचा. अण्णाही तसंच बोलतात, बोलू देत. बोलताना समोर माणूस असतो, शंका आली तर विचारतो. पावतीवर मात्र यूएफ. एका जॉबरनं पावती बघून 'यूएफ म्हणजे हलका माल का?' असं विचारलं. शेजारी एमएफडी लिहिलेला जुना ठेवून दोन्ही मीटरवर मोजून दाखवले, तेव्हा घेऊन गेला.

२९ जानेवारी

आकृती नव्या आवृत्तीत निघाली. अण्णांनी सही करण्याआधी प्रत्येक कपॅसिटर बोटानं मोजत वाचला आणि एका ठिकाणी के कॅपिटल राहिलेला पकडला. दुरुस्त करून पुन्हा छापली.

पुढच्या पट्टीवरच्या मजकुरात लांबीसाठी 'एमटीआरएस' होतं, तिथं आता स्मॉल एम. लांबी मोजणाऱ्या यंत्रावर तरी मीटरचं चिन्ह नीट हवं, २००९ च्या वैध मापनशास्त्र कायद्यालाही मेट्रिक पद्धतच मान्य आहे. पिक पर इंच मात्र तसंच ठेवलं. सोलापुरात टॉवेलची घनता इंचातच बोलतात, विणकराला पिक पर सेंटिमीटर दाखवून त्याचा गोंधळ करायचा नाही. पिक पर मिनिटचं 'पीपीएम' काढून पूर्ण शब्द लिहिले, कारण रंगखात्यात पीपीएम म्हणजे दशलक्षात किती, आणि दोन्ही खाती एकाच कारखान्यात आहेत.

त्याच टॉवेल कारखान्यात त्याच मागावर कार्ड पुन्हा लावलं. मोजतंय.

बाकी राहिलेलं: हिशेबाच्या सॉफ्टवेअरवाल्याला कॅपिटलची सक्ती काढता येईल का विचारायचंय, तोवर आर०१० आहेच. शंटची बरोबर रीळ मागवली आहे, आली की पहिला नग भिंगाखाली. जुन्या आकृत्यांवर 'रद्द' शिक्का मारून गठ्ठा माळ्यावर टाकायचा, पण अण्णांना एक प्रत हवी आहे, ती द्यायची.